मुलाखतीसाठी कॅमेरा घेताना आधी माइकची सोय पाहावी

घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी किंवा घरगुती समारंभ चित्रित करण्यासाठी कमी खर्चात व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा असेल, तर चित्राचा बारकावा सांगणाऱ्या ‘४के’च्या आकड्याकडे पाहण्यापूर्वी त्याला बाहेरचा माइक जोडण्यासाठी ३.५ मिलिमीटरचा जॅक आहे की नाही, हे तपासावे. पंचवटीतील जुन्या वाड्याच्या ओसरीवर आजी बोलत असताना रस्त्यावरील रिक्षांचा आणि देवळातील घंटांचा आवाज कॅमेऱ्यातल्या माइकमध्ये तितक्याच जोराने शिरतो. चित्र थोडे अंधूक आले तरी एक वेळ चालते, पण ऐकू न आलेला शब्द पुन्हा मिळत नाही, म्हणून कॉलरला लावायचा साधा तारेचा माइक मी खर्चाच्या यादीत पहिला धरतो. झूम मात्र ऑप्टिकलच, म्हणजे भिंगाने दृश्य जवळ आणणारा, मोजावा; डिजिटल झूम चित्र नुसते ताणून मोठे करतो. फोटोसाठी बनवलेले अनेक जुने कॅमेरे सुमारे ३० मिनिटांनी चित्रण आपोआप थांबवतात, त्यामुळे वापरलेला कॅमेरा घेताना ही मर्यादा आधी विचारून घ्यावी आणि बॅटरी किती वेळ टिकते, तेही दुकानातच पाहावे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ फ्रेम (चित्रे) आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवल्यास चित्र सहसा लुकलुकत नाही.