रुटाइलवरचा प्रत्येक उजळ ठिपका म्हणजे पाणी नव्हे: या चुका टाळा

पुण्याच्या पावसाळ्यात प्रयोगाचा निर्वात चेंबर उघडायची वेळ आली की मला धास्ती वाटते. बाहेरची दमट हवा आत गेली की पाणी स्टीलच्या भिंतींना चिकटतं आणि नंतर कितीतरी दिवस हळूहळू सुटत राहतं. पाण्याचा एकेक रेणू बघायला बसलेल्या माणसाची खरी अडचण हीच, की आपण सोडण्याआधीच पाणी आत हजर असतं. म्हणून चेंबर उघडा ठेवायचाच असेल तर कोरडा नायट्रोजन सोडत ठेवा. १२०-१५० अंश सेल्सिअसवरचं बेकआउट (पाणी घालवायला चेंबर तापवणं) ‘शनिवार-रविवार पुरे’ म्हणून आटोपू नका, मास स्पेक्ट्रोमीटरवरची १८ ची, म्हणजे पाण्याची, रेघ खाली आलेली बघूनच थांबा.

सगळ्यात महागात पडते ती ठिपका ओळखण्यातली चूक. रुटाइल या टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकाच्या (११०) नावाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनच्या रांगा वर आलेल्या असतात, पण एसटीएममध्ये (बारीक टिपने अणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकात) त्याच काळ्या दिसतात. इलेक्ट्रॉन टायटॅनियमच्या रिकाम्या पातळ्यांत शिरतात, म्हणून टायटॅनियमच्या रांगा उजळतात. काळ्या रांगेवर उजळ ठिपका दिसला की नवखा माणूस खूश होतो. मीही झाले होते. दोन महिने मी ज्यांना ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा (जिथला ऑक्सिजनचा अणू निघून गेलाय) म्हणून मोजत होते, त्यातले बरेचसे हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) निघाले. पाण्याचा रेणू रिकाम्या जागेवर फुटतो, ती जागा भरतो आणि एक हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनला देतो. म्हणजे एका जागेचे दोन हायड्रॉक्सिल होतात. ते रिकाम्या जागेपेक्षा जरासेच जास्त उजळ असतात, आणि टिप बदलली की तेवढ्या फरकावर विसंबता येत नाही.

खात्री करायची असेल तर त्याच भागावर सुमारे ३ व्होल्ट देऊन पुन्हा स्कॅन घ्या. हायड्रॉक्सिलमधला हायड्रोजन उडतो, ठिपका जातो. रिकामी जागा तशीच राहते. ही चाचणी केल्याशिवाय मी आता एकही ठिपका मोजत नाही.

वहीत वेळ लिहायला विसरू नका. पाण्याच्या बाष्पाचा दाब टॉर या दाबाच्या एककाच्या हजार कोटीव्या भागाइतका कमी असला तरी पावणेतीन तासांत एका थराला पुरतील इतके रेणू आदळतात. रिकाम्या जागा साधारण ५ ते १० टक्केच असतात, त्यामुळे त्या भरायला पूर्ण थराची वाट बघावी लागत नाही. सॅम्पल तापवून झाल्यावर जेवून येऊन स्कॅन केला, तर दिसतो तो वेगळाच पृष्ठभाग.

अखंड रेणू बघायचा असेल तर खोलीच्या तापमानाला शोधूच नका. टायटॅनियमवर बसलेलं पाणी सुमारे २७० केल्विनलाच (उणे ३ अंश सेल्सिअस) उडून जातं. द्रव नायट्रोजनने सॅम्पल थंड करा, मगच पाणी सोडा, आणि रेणू टायटॅनियमच्या उजळ रांगेवर शोधा.

पाण्याची नळीही तपासा. गोठवणं, हवा ओढणं, वितळवणं हे चक्र तीन-चारदा केलं नाही, तर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनही सोबत आत जातो, आणि रिकाम्या जागा तोही भरतो.