गोधडीसाठी कापड कसं निवडावं

गोधडीचं कापड निवडायला बसलं की डोळा आधी रंगाकडे धावतो. माझं सांगणं असं, की आधी हात लावा, रंग नंतर. गोधडीत वीस-पंचवीस तऱ्हेची कापडं एकमेकांना जोडलेली असतात. ती एकत्र ताण सोसतात, एकत्र धुतली जातात. त्यांच्यात एक दणकट आणि शेजारचं लेचंपेचं असेल, तर फाटताना नेहमी लेचंपेचंच फाटतं, तेही शिवणीलगत.

हाताने पारखा

साध्या विणीचं, मध्यम जाडीचं सुती कापड सगळ्यात सोयीचं. दर चौरस मीटरला साधारण १४० ते १५० ग्रॅम वजनाचं असलं की झालं. वजन लिहिलेलं नसेल तर कापड उजेडासमोर धरा आणि मागे हात ठेवा. बोटं स्पष्ट दिसली तर ते फार झिरझिरीत आहे; शिवल्यावर आतली माया (शिवणीपलीकडे सोडलेली कड), विशेषतः गडद कापडाची, वरून सावलीसारखी दिसत राहील. मग नखाने वीण हलकेच सरकवून बघा. धागे बाजूला होऊन फट पडली, तर शिवणीतही तसंच होणार. उलट चादरीचं अगदी घट्ट विणीचं कापड हाताने धावदोरा घालणाऱ्याची बोटं दुखवतं, सुई आत जाता जात नाही. ताणणारं होजिअरी पहिल्या गोधडीला तरी नको.

जुने कपडे जरूर वापरा, त्यांच्यासारखा मऊपणा कोऱ्या कापडाला नसतो. पण शर्टाची कोपरं आणि कॉलर, साडीचा बसून विरलेला भाग सोडून द्या. दोन्ही अंगठ्यांनी धरून जरा जोराने ताणा. चर्र असा बारीक आवाज आला तर तो तुकडा बाजूला टाका.

आधी धुवा

कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा ३ ते ५ आटू शकतं, आणि प्रत्येक कापड वेगवेगळं आटतं. म्हणून कापण्याआधी सगळी धुवून, खळ काढून, इस्त्री करून घ्या. लाल, गडद निळा आणि काळा यांची वेगळी परीक्षा घ्या: ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर ठेवून इस्त्री फिरवा. फडक्यावर डाग उमटला तर पुन्हा धुवा. तिसऱ्यांदाही रंग सुटला तर ते कापड या गोधडीचं नाही. मी एकदा घाईत ही पायरी गाळली. पहिल्याच धुण्यात लाल चौकोनांभोवतीचे पांढरे चौकोन गुलाबी झाले. महिन्याभराची मेहनत होती ती, अजून वाईट वाटतं.

उजळ, मध्यम, गडद

आता रंग. नक्षी उठून दिसते ती मुख्यतः उजळ-गडदाच्या फरकामुळे. लाल आणि हिरवा अगदी वेगळे रंग, पण दोन्ही सारखेच गडद असले तर लांबून एकच ठिपका दिसतो. सगळी कापडं ओळीने मांडा, फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. करड्या रंगाच्या तीन स्पष्ट पायऱ्या दिसायला हव्यात. सगळं एकाच करड्यात मिसळलं तर एखादं उजळ कापड आणा.

छपाईचंही असंच. सगळी बारीक फुलं एकत्र आली की गोधडी नुसती गजबजलेली दिसते. मोठी नक्षी, बारीक नक्षी आणि जवळजवळ साधं कापड, असं मिसळा. मोठ्या फुलाचा चार इंची चौकोनात अर्धा देठच येतो, म्हणून कागदात चौकोनी खिडकी कापून ती कापडावर फिरवून बघा. एकाच दिशेची छपाई असेल तर कापताना जपा, शिवाय थोडं जास्तच घ्या.

हिशेब

६ इंची चौकोनाला चारही बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे साडेसहा इंच कापायचं. ४४ इंच पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, एका ओळीत ६ चौकोन बसतात. एका मीटरमध्ये कागदावर ६ ओळी येतात, पण आटल्यावर ५ धरा, म्हणजे ३० चौकोन. ६० बाय ७२ इंचांच्या गोधडीला १२० चौकोन लागतात, म्हणजे सगळी कापडं मिळून ४ मीटर; चुकांसाठी अर्धा मीटर वर. कापताना चौकोनाच्या बाजू उभ्या-आडव्या धाग्याला धरून ठेवा. उरेब, म्हणजे तिरकी, कापलेली कड ताणते आणि चौकोन वाकडा होतो.

अस्तर

अस्तर चारही बाजूंनी ४ इंच मोठं हवं, कारण भरण घालून टाके घालताना ते आत ओढलं जातं. वरच्या मापाला ६८ बाय ८० इंच लागेल, म्हणजे ४४ इंची पन्ह्याच्या दोन पट्ट्या जोडून साडेचार मीटर धरा. हेही वरच्या कापडाइतकंच धुतलेलं, तेवढ्याच वजनाचं घ्या. साध्या एकरंगी अस्तरावर प्रत्येक टाका उठून दिसतो. हात अजून बसला नसेल तर बारीक छपाईचं घ्या, लहानमोठे टाके त्यात मिसळून जातात.