आनापानाला बसलं की डुलकी लागते: शेवटी काय चाललं

लक्षण: रात्री जेवण आटोपून आनापानाला (येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवायच्या ध्यानाला) बसलं की श्वास बारीक होतो आणि हनुवटी छातीला टेकते. नागपूरचा मे महिना, वरून कूलरची घरघर, मग तर विचारूच नका. चहा पिऊन पाहिला (रात्रीची झोप उडाली, बैठकीतली नाही), जागा बदलली, पहाटेही बसून पाहिलं. वैताग आला होता, बाप्पा.

तोड निघाली अंगुत्तर निकायात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहात. बुद्धांचे शिष्य मोग्गल्लान ध्यानात पेंगत होते, तेव्हा बुद्धांनी त्यांना पायऱ्या सांगितल्या. एक लागू पडली नाही तरच पुढची. ज्या विचारात पेंग आली तो सोडा. ऐकलेला धम्म मनात घोळवा. मग तोच मोठ्याने म्हणा; मी त्रिसरण-पंचशील म्हणतो. मग दोन्ही कान ओढा, हातपाय चोळा. मग उठून डोळ्यांवर पाणी मारा, चारी दिशा आणि तारे पाहा. इथे नळाचं पाणी रात्रीही कोमट असतं, माठातलं घ्या. मग दिवसासारखा उजेड मनात आणा. मग चंक्रमण, म्हणजे पावलांवर लक्ष ठेवून येरझाऱ्या. तरीही नाहीच जमलं, तर उठायची वेळ मनात ठरवून उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून खुशाल झोपा.

माझी पेंग बहुधा चंक्रमणातच जाते. गच्चीवर या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, नजर पुढच्या फरशीवर, पाऊल उचललं-टेकलं एवढंच बघायचं, वळण्याआधी थांबायचं. डोळे हलके झाले की तडक आसनावर. मध्ये मोबाइल पाहिला की पुन्हा पहिल्यापासून.

औषधाने गुंगी येत असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा.