गुलाबाचं तेल शिकताना: आधी देग, मग बाटली

केमिस्ट्रीत बी.एस्सी. करून मी पुण्याजवळच्या एका सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात लागले, तेव्हा गुलाबाचं तेल म्हणजे माझ्या लेखी कपाटातली एक बाटली होती. पहिल्या पगारातून स्वतःसाठी 5 मिली तेल घेतलं. विक्रेत्याने 'शंभर टक्के शुद्ध' म्हणून छातीठोकपणे दिलं होतं. पंधरा दिवस बाटली फ्रिजमध्ये होती, तरी आतलं तेल पाण्यासारखं पातळच राहिलं. त्यात काही खटकण्यासारखं आहे, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

ते कळलं उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला, अत्तरांच्या गावी, गेल्यावर. 1991 साली सुरू झालेल्या तिथल्या 'फ्रॅगरन्स अँड फ्लेवर डेव्हलपमेंट सेंटर'मध्ये छोटे अभ्यासक्रम चालतात. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, जमलं तर मार्च-एप्रिलमध्ये जा, कारण तेव्हा दमास्क गुलाबाचा हंगाम असतो. पहाटे तोडलेली फुलं पोत्यांतून येतात. उन्हं चढली की वास उडतो, म्हणून सगळी घाई. तांब्याच्या देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुलं आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात. तिथून दोरी गुंडाळलेला बांबूचा चोंगा, म्हणजे नळी, निघतो, तो पाण्याच्या हौदात बसवलेल्या भपक्यात जातो. भपका म्हणजे वाफ गार होऊन जमा होते ते भांडं. कारागीर भपक्याला हात लावून बघतो आणि त्यावरून खालची आच कमीजास्त करतो. मी हात लावला तेव्हा मला फक्त 'गरम' एवढंच कळलं. त्याला मात्र आत किती वाफ उतरली आहे तेही कळत होतं.

तिथेच शब्दांचा गुंता सुटला. भपक्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असेल, तर निघतं ते अत्तर. काही न घालता नुसतं गुलाबाचं तेल वेगळं काढलं, तर ते रूह. सॉल्व्हंटने, म्हणजे विरघळवणाऱ्या रसायनाने, काढतात ते अ‍ॅब्सोल्यूट. आणि दुकानात 'रोज फ्रॅगरन्स ऑइल' लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा कृत्रिम. चारही वस्तू वेगळ्या, वापर वेगळे, भाव तर फारच वेगळे. एक किलो तेलाला साधारण साडेतीन-चार टन फुलं लागतात. हा हिशोब डोक्यात असला की स्वस्त बाटली पाहून हात आपोआप आखडतो.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. ताज्या फुलाच्या गंधातला मोठा वाटा फेनिल इथाइल अल्कोहोल या घटकाचा. ते पाण्यात विरघळतं, म्हणून ऊर्ध्वपातनात, म्हणजे देगेतून वाफेने तेल काढताना, बरंचसं गुलाबजलात निघून जातं. त्यामुळे खरं तेल पहिल्यांदा हुंगल्यावर 'हा गुलाब नाही' असं वाटू शकतं. थोडा मधासारखा, थोडा मसाल्याचा वास येतो. घाबरू नका. कागदी पट्टीवर एक थेंब घ्या, तारीख-वेळ लिहा, तासाने, सहा तासांनी, दुसऱ्या दिवशी पुन्हा हुंगा आणि वहीत लिहा.

आता फ्रिजमध्ये तेल गोठण्याचं म्हणाल, तर अस्सल तेलात मेणासारखा भाग असतो, त्यामुळे गारव्यात त्यात स्फटिक दिसतात आणि तळहाताच्या उबेने ते विरघळतात. माझ्या त्या पहिल्या बाटलीत बहुधा रोशाचं तेल होतं, म्हणजे रोशा नावाच्या सुगंधी गवताचं (पामरोझा). दोन्हींत जिरॅनिऑल हा सुगंधी घटक असतो, म्हणून नाक फसतं. आपल्या खानदेशातलं रोशाचं तेल एके काळी मुंबईहून तुर्कस्तानपर्यंत जायचं आणि तिथे गुलाबतेलात मिसळलं जायचं, इतकी ही भेसळ जुनी. मात्र तेल गोठलं म्हणजे शुद्धच, असंही नाही. मोठी खरेदी असेल तर त्याच लॉटचा जीसी-एमएस अहवाल, म्हणजे तेलात कोणते घटक किती आहेत याची प्रयोगशाळेतली तपासणी, मागा.

क्रीममध्ये वापरताना हात राखून. चेहऱ्याच्या तेलात मी अर्ध्या टक्क्याच्या वर जात नाही, म्हणजे 30 मिलीत तीन थेंब. या तेलात मिथाइल युजेनॉल नावाचं रसायन असतं, त्याच्या वापरावर मर्यादा आहेत. त्यातल्याच सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल या घटकांची काहींना अ‍ॅलर्जीही होते, तेव्हा कोपराच्या आत लावून एक दिवस थांबा. गुलाबजलाचं क्रीम प्रिझर्व्हेटिव्हशिवाय करायचा हट्ट मी एका पावसाळ्यात केला होता. आठव्या दिवशी झाकणाच्या आतल्या कडेला हिरवट बुरशी. ती डबी मी मैत्रिणीला देणार होते, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

अरोमाथेरपीकडे वळणाऱ्यांना एवढंच सांगेन, मन निवतं, झोपेआधी बरं वाटतं, इतकं बोला. आजार बरा होईल असं कुणालाही सांगू नका. आणि घरी बनवून विकायचा विचार असेल, तर 'कॉस्मेटिक्स रूल्स, 2020'प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो. आपल्याकडे तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. लेबल छापण्याआधी त्या कार्यालयात जाऊन या.

सुरुवातीला रूह घेऊच नका. जोजोबाच्या तेलात 5 टक्के पातळ केलेलं गुलाबतेल घ्या, सोबत थोडं रोशाचं आणि थोडं जिरॅनियमचं. तीन पट्ट्या, डोळे मिटून, रोज सकाळी चहाच्या आधी. मला तिन्ही वेगळे ओळखायला दोन महिने लागले.