शंभर मीटरच्या पुढे कॅमेरा न्यायचाय? मीडिया कन्व्हर्टर असा लावा

परवा एका सोसायटीत गेलो, मागच्या गेटचा कॅमेरा सारखा गायब व्हायचा. गेट ऑफिसपासून अडीचशे मीटर तरी असेल आणि आधीच्या माणसाने काय केलेलं तर कॅट सिक्स, म्हणजे तांब्याची नेटवर्क केबल, सरळ ओढून नेलेली, मधे एक जॉइंट आणि वर काळी टेप. कॉपरच्या, म्हणजे तांब्याच्या इथरनेटची हद्द १०० मीटर, तीही दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड (टोकाच्या छोट्या वायरी) धरून. नशिबाने कधी १२०-१३० वर चालून जातं म्हणून लोकांना वाटतं अजून ओढू, पण अडीचशेला नाही चालत बाबांनो.

मधे एक स्विच टाकून भागतं, पण मग मधेच लाइट पॉइंट पाहिजे, पावसासाठी डबा पाहिजे, आणि वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की ती लांब तांब्याची वायर दोन्ही टोकांचे पोर्ट घेऊन जाते. त्यापेक्षा मधे फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टरची डबी लावा. फायबर म्हणजे काच, तिच्यातून करंट जात नाही. फक्त आर्मर्ड केबल घेतली तर तिचं लोखंडी कवच रॅकच्या बाहेरच कापून नीट अर्थ करा, नाहीतर वीज त्यावरून आत येईल आणि फायबरचा अर्धा फायदा तिथेच गेला.

आता ही डबी करते काय? एका बाजूला आरजे ४५ (तांब्याच्या नेटवर्क वायरचा पोर्ट), दुसऱ्या बाजूला फायबर. तांब्यातून आलेल्या विजेच्या सिग्नलवरून ती लेझर उघडझाप करते, पलीकडच्या डबीतला फोटोडायोड तो उजेड पकडून परत विजेचा सिग्नल बनवतो, बस. साध्या डबीला ना आयपी ना लॉगिन, तुमच्या एनव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याचा) पासवर्ड काय आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. पण उजेडाचा परत सिग्नल करायला पलीकडे कुणीतरी हवं, म्हणून ती जोडीनेच लागते, नाहीतर पलीकडे फायबर पोर्टवाला स्विच तरी हवा.

घेताना घोळ होतो तो इथे. सिंगल फायबरवाल्या जोडीत एक डबी ए असते, एक बी. बहुतेक जोड्यांत ए १३१० नॅनोमीटरवर (ही उजेडाची वेव्हलेंग्थ, म्हणजे तरंगलांबी) बोलते आणि १५५० वर ऐकते, बी बरोबर उलटं, त्यामुळे एकाच काचेतून दोन्ही बाजूंची वाहतूक चालते. मी स्वतः एकदा गडबडीत दोन ए घेऊन गेलो, अर्धा दिवस जॉइंटवाल्याला शिव्या घातल्या, शेवटी स्टिकर वाचलं. दुसरं म्हणजे फायबरचा स्पीड दोन्हीकडे सेम पाहिजे, एक १०० ची आणि एक गिगाबिट असं लावलं तर फायबर लिंकच येत नाही, कॉपरसारखं आपापसात ठरवून घेणं तिकडे नसतं. अंतर कमी असलं तरी २० किलोमीटरवाली बिनधास्त लावा, पण कुणी स्वस्तात ८० वाली दिली तर एवढ्या कमी अंतरावर रिसीव्हरचे डोळे दिपतात, मग मधे उजेड कमी करणारा अटेन्युएटर टाकावा लागतो.

कनेक्टरचा रंग बघा. निळा यूपीसी, हिरवा एपीसी, हे फायबरच्या टोकाचे दोन प्रकार. हिरव्याचं टोक ८ अंशात तिरकं घासलेलं असतं, ते निळ्यात घातलं तर बसतं खरं पण मधे फट राहते आणि सिग्नल पडतो. घरच्या इंटरनेटची हिरवी पॅच कॉर्ड उरलीये म्हणून हेच करणारे मी कमी नाही पाहिले. आणि टोपण काढलं की कनेक्टर घालायच्या आधी पुसायचं, शर्टाला नाही, लिंट नसलेल्या वाइपवर थोडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन, एकाच दिशेने. सिंगल मोड, म्हणजे लांब अंतराच्या फायबरमधे उजेड जातो तो भाग फक्त ९ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक, तिथे धुळीचा एक कण म्हणजे रस्त्यात उभा ट्रक. टोकात डोळा घालून लाइट येतोय का बघू नका, तो उजेड डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो.

पीओई, म्हणजे नेटवर्क वायरमधूनच कॅमेऱ्याला मिळणारा करंट, फायबरमधून जात नाही हे आधीच सांगून ठेवतो. गेटवर कॅमेऱ्यासाठी पीओई स्विच किंवा इंजेक्टर वेगळा लावावाच लागतो.

लावून झालं की दिवे बघा. पीडब्ल्यूआर म्हणजे करंट आहे, एफएक्स म्हणजे फायबरची लिंक, टीपी म्हणजे कॉपरची. टीपी चालू, एफएक्स बंद तर ए-बी, स्पीड, पॅच कॉर्ड, जॉइंट, या क्रमाने जा. एफएक्स चालू, टीपी बंद तर वायरच्या टोकाची आरजे ४५ पिन परत क्रिम्प करा (दाबून बसवा). लिंक येते पण गिगाबिटऐवजी १०० वर अडकते तेव्हा बहुतेकदा वायरमधल्या चारपैकी एखादी जोडी ढिली असते. काही डब्यांवर एलएफपीचा (लिंक फॉल्ट पास-थ्रू) बारका डिप स्विच असतो, तो ऑन असला की एक बाजू तुटली की दुसरीही मुद्दाम बंद होते म्हणजे ऑफिसमधल्या स्विचला कळतं, पण टेस्टिंगला तो ऑफच ठेवा, नाहीतर दोन्ही दिवे गेलेले दिसतात आणि बिघाड कुठे आहे तेच कळत नाही. उजेडाची ताकद डीबीएममधे मोजणारा पॉवर मीटर असेल तर पलीकडून येणारी वेव्हलेंग्थ सेट करून मोजा, उणे ८-१० डीबीएम आलं तर निवांत, उणे २२-२५ आलं तर केबल कुठेतरी दुमडलीये नाहीतर टोक घाण आहे.

त्या सोसायटीत सगळं नीट बसवून आलो आणि तिसऱ्या दिवशी फोन, कॅमेरा परत बंद. ऑफिसमधल्या डबीचा एफएक्स विझलेला. मी स्प्लायसर (फायबर जोडायचं मशीन) गाडीत टाकून गेटवर पोचलो तर वॉचमन काकांनी डबीचा अ‍ॅडॉप्टर काढून तिथे मोबाईल चार्जिंगला लावलेला. आता गेटवर मी जास्तीचा सॉकेट बसवूनच येतो, बिलात लावतो.