जीसॉकला अर्ज करायचाय? मग मार्चची वाट बघू नका

मार्च लागला की ग्रुपवर सुरू होतं, "जीसॉकचा फॉर्म कुठं भरायचा, लिंक टाका की कोणीतरी". अरे भावांनो, फॉर्म हे यातलं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम. जीसॉक म्हणजे गूगल समर ऑफ कोड, उन्हाळ्यात एखाद्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रोजेक्टवर पैसे घेऊन काम करायचा कार्यक्रम. तो २००५ पासून चालू आहे, पैसे गूगल देतं, पण कोणाला घ्यायचं ते त्या त्या लायब्ररीचे (म्हणजे आयत्या वापरायच्या कोडच्या संचाचे) मेंटॉर, म्हणजे तिथले मार्गदर्शक, ठरवतात, आणि त्यांना बघायचं असतं की हा गडी उन्हाळाभर टिकणार की मध्येच गायब होणार. ते अर्जावरून कळत नाही, आधी पाठवलेल्या कोडवरून कळतं. म्हणून सुरुवात डिसेंबर-जानेवारीत, सेमिस्टरच्या परीक्षा झाल्या की लगेच.

वय १८ पूर्ण पाहिजे. २०२२ पासून विद्यार्थीच असावं असं पण राहिलेलं नाही, ओपन सोर्समध्ये नवीन असलात तरी चालतं, म्हणजे डिप्लोमा करून शिरोली एमआयडीसीत कामाला लागलेला पण अर्ज करू शकतो. आणि "आपलं कॉलेज कोल्हापूरचं, पुण्या-मुंबईची पोरं पुढं जाणार" हे डोक्यातून काढा, कोड तपासणाऱ्याला कॉलेजशी काही देणंघेणं नसतं.

लायब्ररी निवडताना जी आधीच वापरताय ती घ्या. पायथनवाल्यांना नंपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब, सिंपाय माहीतच असतील. या लायब्ऱ्या सांभाळणाऱ्या, त्या वर्षी भाग घेणाऱ्या संस्थांची यादी फेब्रुवारीच्या शेवटी-शेवटी येते, पण जीसॉकच्या साईटवर मागच्या वर्षांच्या संस्था आणि प्रोजेक्ट दिसतात, जी दरवर्षी येते तिच्यावर काम सुरू करायला हरकत नाही. अर्ज ३ करता येतात, पण माझं मत विचाराल तर एकच, फार तर दोन.

आता सिंपायचं, म्हणजे बीजगणिताची गणितं करणाऱ्या लायब्ररीचं, उदाहरण घेऊ, कारण त्यांची अटच आहे की अर्जाआधी निदान एक पुल रिक्वेस्ट (आपला बदल घ्या अशी विनंती) मर्ज झालेली, म्हणजे त्यांच्या कोडमध्ये घेतलेली पाहिजे. गिटहबवर (कोड ठेवायची साईट) रेपो, म्हणजे त्यांच्या कोडचा साठा, फोर्क करा (स्वतःच्या खात्यात प्रत घ्या), क्लोन करा (ती कॉम्प्युटरवर उतरवा), वेगळी ब्रँच (बदलांसाठी वेगळी शाखा) काढा, मास्टरवर, म्हणजे मुख्य शाखेवर, काम करू नका. मग इश्यूमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या चुका आणि कामांच्या यादीत, 'ईझी टू फिक्स' हे लेबल निवडून बघा. "सर प्लीज असाईन मी" असं लिहीत बसायची गरज नाही, त्या इश्यूवर आधीच कोणाची पुल रिक्वेस्ट चालू नाही ना एवढं बघा आणि कामाला लागा. आधी बग दाखवणारी टेस्ट (कोड तपासणारा छोटा कोड) लिहा, ती फेल होताना बघा, मग कोड बदला. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात रिलीज नोट्सचा (नवीन आवृत्तीत काय बदललं त्याचा) रकाना असतो तो भरा, आणि पहिल्यांदाच पाठवत असाल तर डॉट मेलमॅप या कोड लिहिणाऱ्यांच्या यादीच्या फाईलमध्ये स्वतःचं नाव-ईमेल घाला, नाहीतर कोड बरोबर असून पण गिटहबच्या आपोआप होणाऱ्या तपासणीत लाल फुली येते आणि नवीन पोरं तिथंच घाबरतात. रिव्ह्यूमध्ये चार चुका काढल्या तर मनाला लावून घेऊ नका, त्याच ब्रँचवर दुरुस्त करून परत पुश करा, म्हणजे गिटहबवर चढवा. प्रश्न विचारायचे ते सगळ्यांसमोर, मेंटॉरच्या पर्सनल इनबॉक्समध्ये नाही.

प्रपोजलमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या कामाच्या आराखड्यात, आयडिया लिस्टमधला (संस्थेनं सुचवलेल्या प्रोजेक्टांच्या यादीतला) परिच्छेद जसाच्या तसा चिकटवू नका. कुठली फाईल, कुठलं फंक्शन, आत्ता काय चुकतंय, तुम्ही काय बदलणार, एखादं छोटं चालणारं उदाहरण, हे लिहा. चॅटजीपीटीकडून सगळं लिहून घ्याल तर ते पहिल्या पानावर ओळखू येतं, आणि एआयबद्दल संस्थांचे आपापले नियम असतात, ते आधी वाचा. प्रोजेक्ट ९०, १७५ किंवा ३५० तासांचा असतो. आठवड्याचं वेळापत्रक खरं टाका, म्हणजे मे-जूनमध्ये युनिव्हर्सिटीची परीक्षा असेल तर तसं सरळ लिहा, मेंटॉर समजून घेतात. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं पंचगंगेचा पूर काय करतो ते २०१९ ला आणि २०२१ ला बघितलंय सगळ्यांनी, लाईट जाते, नेट जातं, तेव्हा एखादा आठवडा मोकळा ठेवा.

प्रपोजलचा मसुदा शेवटच्या तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी मेंटॉरना दाखवा, शेवटी शेवटी त्यांच्याकडं ढीग लागतो. मुदत साधारण मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलच्या सुरुवातीला संपते, वेळ १८:०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा, बारा नव्हे. पीडीएफ आदल्या दिवशीच अपलोड करा, मुदतीपर्यंत ती बदलता येते.

निकाल एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला. पैशाचं म्हणाल तर भारतासाठी अलीकडच्या वर्षांत ३५० तासांना ३००० डॉलर, १७५ ला १५०० आणि ९० ला ७५० असा दर आहे, ४५ टक्के मधल्या मूल्यांकनानंतर, उरलेले शेवटी. येतात पेओनियर या ऑनलाईन पैसे पाठवणाऱ्या सेवेवरून, तेव्हा पॅन आणि बँक पासबुकवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आत्ताच बघून ठेवा.