माशो ते जोस्कँ: एकाच वेळी चार चाली कशा ऐकाव्यात

चौदाव्या आणि पंधराव्या शतकांतील युरोपीय चर्चसंगीत प्रथम ऐकणाऱ्याला बहुधा एक मंद, गोड गुंजन तेवढे ऐकू येते आणि दहा मिनिटांत लक्ष दुसरीकडे जाते. आपला कान मुख्य चाल शोधत असतो, आणि येथे तशी एकच मुख्य चाल नसते. तीन किंवा चार गळे आपापली स्वतंत्र चाल एकाच वेळी गात असतात. त्या काळच्या गायकांसमोर सगळे आवाज एकाखाली एक मांडलेली स्वरलिपीही नसे. वहीच्या मोठ्या पानावर प्रत्येक गळ्याचा भाग वेगळ्या जागी लिहिलेला असे आणि मात्रांचे विभाग दाखवणाऱ्या उभ्या रेघाही नसत. म्हणून श्रोत्यानेही त्यांच्याप्रमाणे एका वेळी एकच गळा धरावा, आणि तीच रचना चार वेळा ऐकण्याची तयारी ठेवावी.

कालक्रमाने जुन्याकडून नव्याकडे यावे, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो; माझ्या मते उलटे जाणे सोपे आहे. प्रारंभ जोस्कँ दे प्रे (मृत्यू १५२१) याच्या ‘आवे मारिया... व्हिर्गो सेरेना’ या चार आवाजांच्या प्रार्थनागीताने करावा. ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची याने १५०२ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या संग्रहात हीच रचना पहिली आहे. ती जेमतेम पाच मिनिटांची आहे. सर्वांत वरचा आवाज एक लहानशी ओळ गातो, आणि तो ती संपवेपर्यंत दुसरा, मग तिसरा, मग चौथा तीच ओळ उचलतो. पहिल्या वेळी केवळ या ‘उचलण्या’ मोजाव्यात. दुसऱ्या वेळी वरची जोडी गाते तेव्हा खालची जोडी गप्प असते, आणि नंतर भूमिका बदलतात, तिकडे लक्ष द्यावे. मध्यंतरी लय बदलून चाल तीन-तीन मात्रांची होते. चारही आवाज एकत्र चालले आहेत असे तेथे वाटते, परंतु टेनर, म्हणजे खालच्या जोडीतील वरचा आवाज, एका मात्रेने मागे राहून वरच्या आवाजाचीच चाल खालच्या पट्टीत गात असतो. हे एकदा कानाला सापडले की पुन्हा हरवत नाही. अखेरीस सर्व आवाज लांब स्वरांवर एकत्र येऊन ‘हे देवमाते, माझे स्मरण ठेव’ एवढेच म्हणतात.

यानंतर गियोम द्यूफाय (मृत्यू १४७४) याच्याकडे मागे जावे. त्याने ‘से ला फास ए पाल’ हे स्वतःचेच प्रेमगीत घेऊन त्याच्या टेनरवर एक संपूर्ण मिस्सा, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनाविधीच्या पाठांची संगीतरचना, उभारली. येथे प्रथम ते लहान गीत पाच-सहा वेळा ऐकून त्यातील टेनर गुणगुणता येईल इतका पाठ करावा आणि मगच मिस्सातील ‘ग्लोरिया’ लावावा. त्यात तो टेनर तीनदा येतो: प्रथम प्रत्येक स्वर मूळच्या तिप्पट लांबीचा, मग दुप्पट, आणि शेवटी मूळ गतीने. ठाय, आड आणि तिगुन यांची सवय असलेल्या श्रोत्याला हा हिशेब नवा वाटू नये. पहिल्या फेरीत मात्र स्वर इतके लांबलेले असतात की चाल ओळखू येत नाही. ती ओळखता आली नाही म्हणून निराश होऊ नये, कारण तिसऱ्या फेरीत ती आपसूक समोर येते. टेनर या शब्दाचा मूळ अर्थच ‘धरून ठेवणारा’ असा आहे. मिस्साचे शब्द सर्व रचनाकारांकडे तेच असल्यामुळे ‘किरिये’, ‘ग्लोरिया’, ‘क्रेदो’, ‘सांक्तुस’ आणि ‘आन्युस देई’ या पाच भागांचा अर्थ एकदा वाचून ठेवला की तो कायमचा उपयोगी पडतो.

द्यूफायचेच ‘नूपेर रोझारुम फ्लोरेस’ हे गीत २५ मार्च १४३६ रोजी फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या अभिषेकासाठी रचलेले आहे. त्याच्या चार भागांचे प्रमाण ६:४:२:३ असे असून, ते त्याच कॅथेड्रलवर ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या घुमटावरून घेतले की बायबलमधील सॉलोमनच्या मंदिरावरून, यावर अभ्यासकांनी बराच वाद घातला आहे. ऐकताना तो वाद बाजूला ठेवावा. प्रत्येक भागात वरचे दोन आवाज आधी एकटेच गातात आणि नंतर खाली दोन टेनर येतात, तो प्रवेश ऐकावा.

शेवटी गियोम द माशो (मृत्यू १३७७) आणि त्याची ‘मेस द नोत्र दाम’. हे संगीत कानाला खडबडीत लागते, आणि त्याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. गोव्याच्या मांडोमध्ये दोन आवाज एकमेकांपासून तिसऱ्या स्वरावर राहून गोडीने चालतात; माशोच्या काळी मात्र त्या अंतरावर विसावा मानला जात नसे, आणि मुक्काम सा-प-सा असाच, तंबोऱ्यासारखा मोकळा होई. त्या मुक्कामाला पोहोचताना एक आवाज शुद्ध निषादावरून षड्जावर चढतो, त्याच क्षणी दुसरा तीव्र मध्यमावरून पंचमावर चढतो, आणि खालचा ऋषभावरून षड्जावर उतरतो. ‘किरिये’ ऐकताना केवळ हे मुक्काम शोधावेत. एक आवाज थांबताच दुसऱ्याने स्वर टाकायचा, असा तुटक खेळही या मिस्सात आढळतो. त्याचे फ्रेंच नाव ‘ओके’, म्हणजे चक्क उचकी.

ध्वनिमुद्रण निवडताना प्रत्येक भागाला एक किंवा दोनच गायक असलेले घ्यावे. मोठ्या गायकवृंदात चाली एकमेकींत मिसळून जातात. जोस्कँसाठी टॅलिस स्कॉलर्स आणि माशोसाठी हिलियर्ड आँसाँब्ल यांची मुद्रणे स्पष्ट आहेत. ती परिचयाची झाल्यावर मार्सेल पेरेस यांच्या आँसाँब्ल ऑर्गानुमने गायिलेला माशो ऐकावा: गळे भरड, स्वरांना हलकी कंपने आणि हरकती, आणि इतका निराळा की ही तीच रचना आहे यावर प्रथम विश्वास बसत नाही.